हसऱ्या मुखाचा देवमासा

अमेरिकेच्या नौदलाने सॅन डिएगोच्या उपसागरात समुद्री सस्तन प्राण्यांसाठी जी जाळीबंद आवारे बांधली होती, त्यांच्या काठावर काम करणाऱ्या मंडळींना १९८४ साली एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. आसपास कोणी नसताना, थोड्या अंतरावर दोन माणसे आपसांत काही बोलत आहेत, सूर तर कानी येतो आहे परंतु शब्द उमगत नाहीत, अशी एक कुजबुज त्यांना ऐकू येई. रात्रीच्या वेळी भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातले बोलणे अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू यावे, तशी. पुढे एके दिवशी पाण्याखाली काम करीत असलेला एक पाणबुड्या अचानक वर आला आणि काठावरच्या सोबत्यांना विचारू लागला, "मला बाहेर यायला कोणी सांगितले?" कोणीच सांगितले नव्हते. चौकशीअंती सारा संशय आवारातल्या एका पांढऱ्या देवमाशावर येऊन ठेपला. त्याचे नाव नॉक. १९७७ साली कॅनडातील हडसन उपसागराच्या परिसरात इन्युइट शिकाऱ्यांनी त्याला लहान वयात पकडले होते, आणि त्या प्रदेशात माणसाला हैराण करणाऱ्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या चिलटांच्या इंग्रजी लोकनामाचा संक्षेप करून त्याचे हे नाव ठेवले होते.

नॉकचा आवाज ध्वनिमुद्रित करून तपासण्यात आला, तेव्हा असे दिसले की त्याची पट्टी त्याच्या जातीच्या नित्याच्या आवाजाहून कित्येक सप्तके खाली उतरलेली असून तिची लय माणसाच्या बोलण्याच्या लयीशी जुळती आहे. या प्राण्याला आपल्यासारखे स्वरयंत्र नाही; त्याचा आवाज नासिकामार्गात उत्पन्न होतो. माणसासारखा स्वर काढण्यासाठी नॉकला नासिकामार्गातला दाब पुष्कळ वाढवावा लागे आणि श्वासरंध्राखालच्या पिशव्या नेहमीपेक्षा जास्त फुगवाव्या लागत. म्हणजे हा उद्योग सहजासहजी होण्याजोगा नव्हता, आणि तरीही कोणी न शिकविता तो हा उद्योग करीत होता. सुमारे चार वर्षे हे चालले. वयात आल्यावर त्याने ते सोडून दिले. १९९९ साली तो वारला, आणि सॅम रिजवे व त्यांचे सहकारी यांनी त्याची हकीकत शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केली ती २०१२ साली, त्यामुळे या बोलक्या देवमाशाची कीर्ती सर्वस्वी मरणोत्तर आहे.

आपण काय उच्चारतो याचा अर्थ नॉकला कळत होता, असा दावा रिजवे यांनी केला नाही, आणि तो न करण्यात त्यांचा विवेक दिसतो. माझे लक्ष मात्र त्या पाणबुड्याकडे जाते. त्याला तो ध्वनी हुकूम वाटला. माणसाला आपल्यासारखे काही दिसले वा ऐकू आले, की त्यामागे तो ताबडतोब आपल्यासारखे मन उभे करतो. आणि या शुभ्र देवमाशाच्या बाबतीत तर अशी साधर्म्ये एक नव्हे, अनेक आहेत. त्याचे कपाळ, त्याची मान, त्याच्या ओठांची ठेवण, त्याचा आवाज, ज्या ज्या गुणांमुळे तो आपणांस आपलासा वाटला, त्या त्या गुणांनीच त्याला माणसाच्या दारी आणून बांधले. आणि ज्या गोष्टी सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या आहेत, त्या काचेच्या भिंतीतून दिसण्याजोग्या नसल्यामुळे उपेक्षित राहिल्या.

प्रथम नावाविषयी. बेलुगा हा शब्द रशियन आहे. 'बेलिय' म्हणजे पांढरा, त्यावरून तो सिद्ध झाला. परंतु खुद्द रशियात आज बेलुगा म्हणजे आपल्या अंड्यांच्या मोलामुळे धनिकांच्या मेजवान्यांत मिरविणारा प्रचंड स्टर्जन मासा, आणि आपल्या देवमाशाला तेथे बेलुखा म्हणतात. हंबरडा फोडून रडणाऱ्या माणसाला उद्देशून 'बेलुगासारखा रडतो' असा वाक्प्रचार त्या भाषेत रूढ आहे. मासा बिचारा मुका. तेव्हा हा लौकिक मूळचा देवमाशाचा असून नामसादृश्यामुळे माशाच्या खाती जमा झाला, हे उघड आहे. रशियाच्या सेवेत असलेले जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास यांनी १७७६ साली या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, आणि डेल्फिनाप्टेरस ल्यूकस हे जे नाव आज चालते, त्याचा अर्थ 'पंख नसलेला शुभ्र डॉल्फिन' असा होतो. आपण मराठीत देवमासा म्हणतो, त्यातला 'देव' त्याच्या आकारामुळे आला असावा आणि 'मासा' तर निव्वळ चुकीने आला आहे. कारण हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. परंतु शब्द एकदा रुळला म्हणजे त्याच्याशी शास्त्राच्या नावाने भांडण्यात अर्थ नसतो.

पंख नसलेला, म्हणजे पाठीवरचा उभा पर नसलेला. इतर बहुतेक देवमाशांना व डॉल्फिनांना हा पर असतो; बेलुगाच्या पाठीवर त्याच्या जागी एक कठीण कंगोरा तेवढा आहे. ज्याला वर्षाचा मोठा भाग बर्फाच्या छताखाली काढावयाचा, त्याला पाठीवर शीड घेऊन हिंडणे परवडणारे नव्हते. उलट हा कंगोरा खालून दाबून सात-आठ सेंटिमीटर जाडीचा कोवळा बर्फ तो फोडतो आणि श्वासापुरती वाट करून घेतो. प्रौढ नर पाच मीटरांच्या आसपास लांब आणि दीड टनापर्यंत वजनाचा असतो, मादी त्याहून लहान. आणि या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कातडीखालच्या मेदाचा. आपल्याकडे थंडीत रजई पांघरतात. याने ती शरीरातच शिवून घेतली आहे. ८०० मीटरांहूनही खोल तो बुडी मारू शकतो.

त्याच्या मानेविषयी चार शब्द अधिक लिहावेत असे वाटते. बहुतेक देवमाशांच्या मानेतले मणके कमीअधिक प्रमाणात एकमेकांस जुळलेले असल्यामुळे त्यांना मान म्हणून फिरविता येत नाही, वळायचे तर सारे धडच वळवावे लागते. बेलुगाचे मणके सुटे आहेत. त्यामुळे तो मान वळवून मागे पाहू शकतो, होकारार्थी हालवू शकतो, वर काढून होडीतल्या माणसाला न्याहाळू शकतो. गंगेतल्या आपल्या सुसूचे, म्हणजे भारताचा राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झालेल्या नदी-डॉल्फिनाचेही मणके असेच सुटे आहेत. एकाला गढूळ पाण्यात वाट काढायची, दुसऱ्याला बर्फाच्या फटींतून, आणि दोघांनाही चिंचोळ्या जागी वळायचे. कपाळावरचा मेदाचा मऊ उंचवटा, ज्याला शास्त्रज्ञ मेलन म्हणजे खरबूज म्हणतात, तोही याचा असामान्य आहे. नासिकामार्गात उत्पन्न झालेले ध्वनी या उंचवट्यातून एकवटून पुढे फेकले जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून त्याला काळोखात मासा, तळ आणि बर्फातली भोके कळतात. परंतु इतर देवमाशांत न आढळणारी गोष्ट अशी की बेलुगा या खरबुजाचा आकार हवा तसा बदलतो. ते पुढे येते, मागे सपाट होते, त्यावर वळ्या पडतात, आणि पाहणाराला वाटते की याने कपाळाला आठ्या घातल्या, हा विचारात पडला, याला मौज वाटली. राहिले ते स्मित. ते तर केवळ हाडांच्या घडणीचे आहे. ओठांची रेषा टोकाशी वर वळलेली, ती आजारात तशीच, भुकेत तशीच, आणि मेल्यावरही तशीच राहते. प्रेक्षक तिकीट काढून ज्या प्रसन्नतेला भुलतो, ती प्रसन्नता त्या प्राण्याला पुसून टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

आता त्याचा मुलूख. उत्तर ध्रुवाभोवतीचे सारे समुद्र, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, रशिया यांचे किनारे, आणि दक्षिणेकडे तुटून राहिलेली काही ठाणी. संख्या दीड ते दोन लाखांच्या घरात धरतात. यांपैकी सर्वांत मोठा मेळा भरतो तो हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे पन्नास हजारांहून अधिक बेलुगा उन्हाळ्यात चर्चिल, सील, नेल्सन अशा नद्यांच्या मुखांशी येतात. चर्चिलच्या मुखाशी अठराव्या शतकातल्या हडसन बे कंपनीच्या दगडी किल्ल्याचे अवशेष अद्याप उभे आहेत. कंपनीचे लोक केसाळ कातड्यांच्या व्यापाराबरोबर तेथे या देवमाशांच्या तेलाचाही धंदा करीत. जुलै महिन्यात त्या नदीच्या गार, चहासारख्या तांबूस पाण्यात होडी थांबवून इंजिन बंद केले, की थोड्याच वेळात पाण्याखाली पांढुरके, लांबट आकार उमटू लागतात. एक बाजूला, दोन खालून, मग आठ-दहा. पाठ वर येते, श्वासरंध्रातून 'फूः' असा ओला उच्छ्वास निघतो आणि पाठ पुन्हा बुडते. शुभ्र आईच्या कुशीलगत राखी रंगाचे पिलू असते, आईच्या पोहण्याने उत्पन्न झालेल्या प्रवाहावर अर्धेमुर्धे तरंगत निघालेले. पिले गडद राखी जन्मतात आणि पूर्ण पांढरी होण्यास त्यांना सातआठ वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. पाण्यात ध्वनिग्राहक सोडला तर शिट्ट्या, चिवचिवाट, कुरकुर, बिजागरीची करकर, घंटेसारखे ठोके, असा एकच कल्लोळ कानी पडतो. आणि कित्येकदा तर यंत्राचीही गरज लागत नाही, होडीच्या तळातूनच हा कोलाहल ऐकू येतो. जुन्या काळच्या खलाशांनी याला समुद्रातला कॅनरी पक्षी म्हटले, ते याच अनुभवावरून.

एवढा प्रवास करून हे मेळे नदीमुखाशी का येतात, याची अनेक कारणे सांगतात. मासे मिळतात, किलर व्हेल या शत्रूला उथळ पाण्यात सहजी शिरता येत नाही, पाणी थोडे ऊबदार असते. परंतु त्यांतले एक मला विशेष लक्षणीय वाटते. बेलुगा वर्षातून एकदा कात टाकतो. जुनी त्वचा पिवळसर पडलेली असते. नदीच्या ऊबदार, कमी खाऱ्या पाण्यात ती सैल होते, आणि मग ही दीड-दीड टनांची जनावरे उथळ पाण्यात तळाच्या गोट्यांवर व वाळूवर अंग घासतात, पाठ घासतात, कुशी घासतात, आणि घासता घासता पुन्हा पांढरी होतात. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे उटणे लावून अंग चोळण्याचा जो सोहळा चालतो, त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गुळगुळीत तळाच्या सिमेंटच्या हौदात या कार्यक्रमाला जागा नसते.

बर्फ हा या प्राण्याचा आश्रय, आणि तोच प्रसंगी त्याचा तुरुंगही. वारा फिरला, थंडी एकाएकी वाढली, की खुल्या समुद्राकडची वाट गोठून बंद होते आणि श्वास घेण्याजोगी भोके तेवढी उरतात; त्यांच्या काठी अस्वले येऊन बसतात. १९८४-८५ च्या हिवाळ्यात सैबेरियाच्या पूर्व टोकाशी सेन्याव्हिन सामुद्रधुनीत असे हजारांवर बेलुगा अडकले, तेव्हा सोव्हिएत सरकारने 'मॉस्क्वा' नावाचे बर्फफोडे जहाज पाठविले. जहाजाने वाट तर फोडली, परंतु घाबरलेली जनावरे तिच्यात शिरेनात. अखेर जहाजावरून संगीत वाजवून पाहण्यात आले. नाना प्रकार झाले, आणि अभिजात संगीताच्या मागोमाग कळप हळूहळू जहाजाच्या वाटेने खुल्या समुद्रात गेला, अशी हकीकत त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापली. संगीतानेच ती भुलली की एव्हाना जहाजाच्या आवाजाला सरावली होती, याचा निवाडा करणे कठीण. परंतु सारे सरकारी जहाज समुद्रात सनईचौघडा वाजवीत चालले आहे, ही कल्पना मात्र मोठी लोभस आहे.

या प्राण्याचे आयुष्य किती, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे बेलुगाच्या दातात थर पडतात. ते मोजायचे, पण वर्षाला थर एक की दोन? पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञ दोन धरून चालले होते, आणि त्या हिशेबाने बेलुगा तीस-पस्तीस वर्षांचा धनी ठरे. हा वाद मिटला तो एका भीषण साक्षीदारामुळे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या आरंभी महासत्तांनी वातावरणात जे अणुस्फोट केले, त्यांतून उत्पन्न झालेला किरणोत्सारी कार्बन हवेतून समुद्रात, समुद्रातून माशांत आणि माशांतून या देवमाशांच्या दातांत उतरला. कोणत्या थरात तो प्रथम वाढला हे पाहिले, की त्या थराचे साल कळते. मग त्याच्यापुढचे थर मोजणे सोपे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या तपासात वर्षाला थर एकच असे निष्पन्न झाले, आणि बेलुगाचे आयुष्य एका रात्रीत दुप्पट झाले! साठ वर्षांपर्यंत तो जगतो. या दुरुस्तीचा परिणाम हौदांच्या हिशेबावर काय झाला असेल, हे वाचकाच्या ध्यानी आलेच असेल: पंचविसाव्या वर्षी वारलेला मत्स्यालयातला बेलुगा जुन्या गणिताने म्हातारा होता, नव्या गणिताने तो ऐन तारुण्यात गेला.

दीर्घायुष्याबरोबर आणखी एक गोष्ट पुढे आली. बेलुगा माद्यांचा विटाळ आयुष्याच्या उत्तरार्धात जातो, आणि त्यानंतरही त्या पुष्कळ वर्षे जगतात, असे २०१८ साली दाखविण्यात आले. प्राणिसृष्टीत हे अत्यंत विरळ; माणूस आणि दातांच्या देवमाशांतल्या मोजक्या जाती यांतच ते मुख्यतः दिसते. पिले होण्याचे वय उलटलेल्या या वृद्धा कळपात काय करतात याचा उलगडा किलर व्हेलच्या बाबतीत बराच झाला आहे: त्या वाट दाखवितात, दुष्काळात मासे कोठे मिळतील ते त्यांना ठाऊक असते. गर्भ चौदा-पंधरा महिने वाहायचा, पिलाला दोन वर्षांच्या आसपास दूध पाजायचे, असा संथ संसार असणाऱ्या जातीत आजीची किंमत काय असेल, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

माणसाने या प्राण्याशी केलेल्या व्यवहाराचा सर्वांत बोलका दाखला सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी मिळतो. क्यूबेक प्रांतातल्या टाडूसाक गावाजवळ सागुएने नदी सेंट लॉरेन्सला मिळते, आणि त्या संगमाच्या परिसरात बेलुगांची एक एकाकी वस्ती हिमयुगाच्या अखेरीपासून राहिली आहे. एकोणिसाव्या शतकात ती सात ते दहा हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. पुढे कॉड आणि सामन मासे घटू लागले, कोळ्यांनी फिर्याद केली, आणि खापर पांढऱ्या देवमाशांच्या माथी फुटले. विमानांतून त्यांच्यावर बॉम्ब टाकण्यात आले. १९३२ सालापासून प्रांतिक सरकारने एका बेलुगामागे पंधरा डॉलर इनाम लावले. शेपूट हजर करायचे आणि रक्कम न्यायची. त्याच दशकाच्या अखेरीस व्हादिम व्लादिकोव्ह या मत्स्यशास्त्रज्ञाने मारलेल्या बेलुगांची पोटे फाडून तपासली, तो कॉड-सामनच्या ऱ्हासाचा आरोप सिद्ध व्हावा असे त्यांत काही आढळले नाही. शिक्षा आधी आणि चौकशी मागाहून, हा क्रम आपल्याही परिचयाचा आहे.

१९७९ साली शिकार बंद झाली. तेव्हा सुमारे एक हजार जनावरे उरली होती. परंतु बंदीनंतरही ती वाढेनात. किनाऱ्यास लागलेल्या मृत बेलुगांचे १९८३ पासून पद्धतशीर शवविच्छेदन होऊ लागले, तेव्हा जे दिसले त्याने सारे चकित झाले. १९९९ पर्यंत तपासलेल्या प्रौढ शवांपैकी २७ टक्क्यांत कर्करोग होता, म्हणजे जवळजवळ माणसांइतका. रानटी प्राण्यांत अशी गोष्ट ऐकिवात नव्हती. सागुएनेच्या काठी ॲल्युमिनियमचे कारखाने होते, त्यांतून निघणारी कर्करोगकारक संयुगे तळाच्या चिखलात साचली होती, आणि वरच्या बाजूच्या सरोवरांकडून औद्योगिक रसायने वाहत येऊन मेदात मुरत होती. कारखान्यांच्या उत्सर्जनाला सत्तरच्या दशकात आळा बसला. आणि पुढील काळातील तपासण्यांत १९७१ नंतर जन्मलेल्या जनावरांत कर्करोग आढळला नाही. एखाद्या सरकारी नियमाचे फळ इतक्या स्पष्ट अक्षरांत क्वचितच लिहिलेले सापडते. मात्र त्यानंतर नवी संकटे उभी राहिली आहेत, प्रसूतीच्या वेळी माद्यांचे व नवजात पिलांचे मृत्यू वाढले आहेत, जहाजांचा गोंगाट वाढला आहे. २०२३ साली सुधारलेल्या गणनापद्धतीने ही वस्ती १,८५० च्या आसपास ठरविण्यात आली. आधीचा आकडा ८८९ होता, परंतु त्यातली वाढ जनावरांची नसून मोजणीची आहे. याच कळपांत २०१६ पासून एक तरुण नारव्हाल, म्हणजे लांब दाताचा, बेलुगाचा उत्तरेकडचा चुलतभाऊ, वाट चुकून येऊन राहिला आणि त्यांच्यातलाच एक होऊन हिंडू लागला, ही हकीकत मला त्या सर्व आकड्यांहून अधिक आवडते.

सेंट लॉरेन्सच्याच पाण्यातून बेलुगाचा हौदाकडचा प्रवास सुरू झाला. १८६१ साली फिनिअस बार्नम या अमेरिकन तमाशेवाल्याने कोळ्यांकडून दोन बेलुगा पकडवून, समुद्रशेवाळ घातलेल्या पेट्यांत निजवून आगगाडीने न्यूयॉर्कला आणले. वाटेतल्या स्थानकांवर तारा करून त्याने आगाऊ वर्दी दिली होती, त्यामुळे ठिकठिकाणी दर्शनाला झुंबड उडाली. ब्रॉडवेवरच्या त्याच्या संग्रहालयाच्या तळघरात विटांचा हौद बांधला होता. त्यात गोडे पाणी भरून मीठ कालविले होते. दोन्ही जनावरे थोड्याच दिवसांत मेली. बार्नमने पुन्हा आणविली, ती मेल्यावर पुन्हा, आणि समुद्राचे पाणी नळाने वर चढविण्याची तजवीज केली. १८६५ सालच्या जुलैत त्या इमारतीला आग लागली, तेव्हा हौदातले दोन बेलुगा तेथेच होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मत्स्यालयात १८७७ साली आणलेला बेलुगा तर लॅब्रडॉरपासूनच्या प्रवासानंतर काही दिवसांतच गतप्राण झाला. त्या काळच्या लोकांना या गोष्टीत क्रौर्य वाटत नव्हते असे नाही. परंतु बहुतेकांना ती विज्ञानाची हौस वाटत होती.

पुढे हौद सुधारले, पाणी गाळले जाऊ लागले, वैद्य आले, आणि बेलुगा वर्षानुवर्षे जगू लागले. व्हँकूव्हरच्या मत्स्यालयात १९७६ साली आणलेल्या काव्हना नावाच्या मादीला पाहून गायक राफी यांना बालगीत सुचले. 'बेबी बेलुगा' हे त्यांचे १९८० सालचे गीत उत्तर अमेरिकेतल्या एका संबंध पिढीच्या तोंडी बसले. काव्हनाचे स्वतःचे पिलू मात्र १९७७ साली जन्मून काही महिन्यांतच गेले होते. ती २०१२ पर्यंत जगली. आणि त्याच मत्स्यालयातल्या शेवटच्या दोन बेलुगा, माय ऑरोरा आणि तेथेच जन्मलेली लेक किला, २०१६ सालच्या नोव्हेंबरात एकामागोमाग एक दगावल्या. राफी स्वतः पुढे देवमाशांच्या बंदिवासाविरुद्ध बोलू लागले.

येथे पक्षपात न करता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वर ज्या गोष्टी मी ऐटीत सांगितल्या, त्यांतल्या कित्येक हौदांच्या काठी बसूनच माणसाला कळल्या: गर्भकाळ, श्रवणशक्ती, खरबुजाच्या हालचाली, नॉकची नक्कल. जपानात कामोगावा येथील नॅक नावाच्या बेलुगाने वस्तूंना निरनिराळे ध्वनी जोडून दाखविले, तेही हौदातच. बंदिवासातून काहीच निष्पन्न झाले नाही, असे म्हणणारे लोक आपली बाजू विनाकारण दुबळी करतात. प्रश्न असा आहे की एवढे कळल्यानंतरही, जे कळले त्याच्याच विरुद्ध, हौद चालू ठेवावे काय. कॅनडाने २०१९ साली कायदा करून देवमासे व डॉल्फिन यांना नव्याने बंदिवासात ठेवण्यास व त्यांच्या पैदाशीस मनाई केली. अमेरिकेत जॉर्जियातल्या मत्स्यालयाने रशियाच्या ओखोत्स्क समुद्रातून पकडलेले अठरा बेलुगा आणण्यासाठी २०१२ साली परवाना मागितला, तो अर्ज सरकारने २०१३ मध्ये नामंजूर केला आणि २०१५ साली न्यायालयानेही सरकारचा निर्णय उचलून धरला. आपल्या देशात महाराष्ट्राच्या किनाऱ्यासह काही ठिकाणी डॉल्फिनगृहे उभारण्याचे बेत चालले होते. २०१३ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या परिपत्रकाने त्यांना मनाई झाली. आपल्या राज्यकारभारातील किती परिपत्रके अभिमानाने उल्लेखावीत अशी असतात? त्यांपैकी हे एक खास.

परंतु मागणी एका दारी अडली की दुसऱ्या दारी जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर पकडलेले सत्त्याऐंशी बेलुगा आणि दहाबारा किलर व्हेल नाखोडका बंदराजवळच्या स्रेदन्याया खाडीतल्या दाटीवाटीच्या तरंगत्या पिंजऱ्यांत कोंबल्याचे उघडकीस आले. ती चीनमधल्या नव्या मत्स्यालयांसाठी होती. जगभर ओरड झाली आणि २०१९ मध्ये त्यांना टप्प्याटप्प्याने सोडण्यात आले. त्याच वर्षीच्या एप्रिलात नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांना एक बेलुगा चिकटून पोहू लागला. त्याच्या अंगावर कॅमेरा बसविण्याची सोय असलेला पट्टा होता आणि त्यावर 'इक्विपमेंट सेंट पीटर्सबर्ग' अशी अक्षरे. एका कोळ्याने पाण्यात उतरून तो पट्टा सोडविला. नॉर्वेच्या लोकांनी त्याला व्हाल्दिमिर हे नाव दिले. देवमाशाला नॉर्वेजियनमध्ये 'व्हाल' म्हणतात, आणि पुढचा भाग रशियाच्या राष्ट्राध्यक्षांकडून घेतलेला. तो हेर होता की नव्हता हे गुपितच राहिले. परंतु माणसांवाचून त्याला करमत नसे एवढे खरे. समुद्रात त्याचे सोबती शेकडो मैल उत्तरेला होते आणि तो मात्र बंदरोबंदरी, धक्क्याधक्क्यांशी, हातातून पडलेल्या वस्तू आणून देत पाच वर्षे हिंडला. २०२४ च्या ऑगस्टअखेर स्टाव्हांगरजवळ तो मृतावस्थेत तरंगताना सापडला. तोंडात पस्तीस सेंटिमीटर लांबीची काठी अडकलेली होती आणि पोट रिकामे होते.

शांघायच्या मत्स्यालयात खेळ करणाऱ्या दोन माद्या, लिटल व्हाइट आणि लिटल ग्रे, यांची रवानगी २०१९ च्या जूनमध्ये विमानाने आइसलंडला झाली. तेथील हेइमाय बेटावरची क्लेट्सविक खाडी जाळे लावून त्यांच्यासाठी राखण्यात आली होती; चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला केइको हा किलर व्हेल वीस वर्षांपूर्वी याच खाडीत राहून गेला होता. बारा वर्षांच्या त्या दोघी प्रथम आतल्या हौदात थंड पाण्याला सरावल्या, अंगावर मेद वाढविला, आणि २०२० च्या ऑगस्टात त्यांना झोळीत घालून होडीने खाडीत नेण्यात आले. मोकळे पाणी त्यांना लागलीच मानवले नाही. हिवाळ्यापूर्वी त्यांना पुन्हा आत आणावे लागले, आणि त्यानंतरही खाडी व हौद यांच्यामध्ये त्यांची ये-जा चालत राहिली. खाडीच्या पाण्यात मासे आहेत. परंतु पकडून खाण्याची सवय लहानपणीच मोडलेली असल्यामुळे त्यांचे जेवण अद्याप माणसाच्या हातातल्या बादलीतूनच येते.